‘जगायला गेलेली’ माणसे आणि समीक्षेची खतावणी

स्थलांतरितांच्या अनुभवाचा प्रश्न निघाला की मराठी अभ्यासकाची नजर तत्काळ समुद्रापलीकडे जाते. अमेरिकेतील लॅटिनो लेखकांच्या, म्हणजे मेक्सिको, प्वेर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक आदी प्रदेशांशी नाते सांगणाऱ्या लेखकांच्या कथा-कवितांवर चर्चासत्रे झडतात. सांद्रा सिस्नेरोसची शिकागोतील गल्ली आणि जुनो दियाझची न्यू जर्सीतील बिऱ्हाडे परिचयाची होतात. मग ठरलेली हळहळ व्यक्त केली जाते : मराठीत असे साहित्य नाही, असलेच तर ते परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या स्मरणरंजनापुरते आहे. ही हळहळ निराधार आहे. साहित्य आहे, आणि ते पाऊण शतकाहून जुने आहे. नाही ती त्याला एकत्र वाचणारी समीक्षा. मराठी समीक्षेने आपल्या खतावणीत स्थलांतरिताच्या नावाने खातेच उघडले नाही; त्याचा निम्मा अनुभव एका खात्यावर आणि निम्मा दुसऱ्या खात्यावर मांडला, आणि शेवटी बाकी शून्य निघाली तेव्हा दोष साहित्याला दिला.

या हिशेबाची तपासणी करायची तर सातारा-सांगलीसारखा प्रदेश दुसरा नाही. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. परंतु माणसे गाव सोडून जाण्याचा इतिहास या सीमेने विभागला गेला नाही. पाटण-जावळीच्या डोंगरात पाऊस उदंड आणि जमीन तुटपुंजी. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात जमीन आहे तर पाऊस नाही. परस्परविरुद्ध अशा या दोन कारणांनी माणसे एकाच दिशेने गेली. मुंबईच्या कापडगिरण्या, गोदी, बाजारपेठा यांनी त्यांना सामावून घेतले. डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडींना ज्या कायद्याने १९६९ मध्ये संरक्षण मिळाले, त्यामागच्या लढ्याचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्याचेच होते. गाववाल्यांची एक खोली, तीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, खानावळीचा डबा, महिन्याची मनिऑर्डर आणि वर्षातून एकदा जत्रेला येणे ही एक संपूर्ण जीवनपद्धती होती. माणदेशाच्या बोलीत या जाण्याला फार नेमका शब्द आहे : ‘जगायला जाणे’. कामाला नव्हे, कमवायला नव्हे, जगायला. जे गाव सोडले ते जगण्याचे ठिकाण उरले नव्हते आणि जिथे जायचे ते आपले नव्हते, हे दोन्ही अर्थ त्या एका क्रियापदात आहेत. समीक्षेच्या परिभाषेत मात्र या शब्दाला स्थान मिळालेले नाही.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे. साताऱ्याहून मुंबईला जाणारा माणूस सीमा ओलांडत नाही; १९६० नंतर तर तो आपल्याच राज्याच्या राजधानीत जातो; मग त्याची तुलना परदेशात गेलेल्या लॅटिनोंशी कशी करायची? हा आक्षेप लॅटिनो साहित्याच्या अपुऱ्या माहितीवर उभा आहे. प्वेर्तो रिकोच्या रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व १९१७ मध्येच मिळाले. न्यू यॉर्कला येताना त्यांना पारपत्र लागत नव्हते. कायद्याच्या दृष्टीने ते देशातल्या देशातच फिरत होते. तरीही त्यांचे साहित्य हे स्थलांतरितांच्या अनुभवाचे साहित्य म्हणून निःशंकपणे वाचले जाते, कारण स्थलांतर नकाशावरील रेषेने ठरत नाही. माणसाचे श्रम एका ठिकाणी आणि त्याचे नाते दुसऱ्या ठिकाणी, अशी फाळणी जिथे होते तिथे ते घडते. ही कसोटी मान्य केली तर पाटण खोऱ्यातला माथाडी आणि न्यू यॉर्कमधला प्वेर्तो रिकन हमाल यांच्या साहित्याचा एकत्र विचार करण्यात गैर काही नाही.

आता खतावणीकडे वळता येईल. आटपाडी या एका तालुक्याची दोन नावे घ्यावीत. व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे आणि शंकरराव खरात आटपाडीचे. एकाच दुष्काळी मातीतले, जवळपास एकाच पिढीतले हे दोन लेखक. माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) ग्रामीण साहित्याच्या खात्यावर जमा झाली. खरातांच्या कथा आणि ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हे आत्मकथन दलित साहित्याच्या खात्यावर. गाव सोडावे लागणे हे दोघांच्याही लेखनात मध्यवर्ती आहे. पण हे समान सूत्र दोन खात्यांच्या मधल्या रेषेत बुजून गेले. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत गेलेला तरुण परक्या गावात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून आपली जात लपवतो. अनोळखी मुलूख, निवाऱ्याचा प्रश्न, ‘तुम्ही कुठले’ या पृच्छेचा धाक ही स्थलांतराच्या कथेची सारी लक्षणे येथे आहेत. १९६३ पासून या कथेवर विपुल लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु जात चोरण्याची शक्यता केवळ गाव सोडल्यानेच निर्माण होते, गावात ती असूच शकत नाही, या साध्या गोष्टीला चर्चेत मिळायला हवे होते तेवढे महत्त्व मिळाले नाही.

वर्गीकरणाचा हा दोष वाङ्मयप्रकारांच्या वाटणीने अधिक घट्ट केला. ढोबळ मानाने पाहिले तर मराठीत गाव हे कथेचे क्षेत्र ठरले आणि शहर कवितेचे. ग्रामीण कथा माणसाला गावाच्या वेशीपर्यंत पोचवते आणि थांबते. ‘बनगरवाडी’ ही कादंबरी असली तरी तिच्या शेवटाने या कथेला जणू नमुना घालून दिला : दुष्काळ पडतो, माणसे जगायला बाहेर पडतात, शाळा ओस पडते, आणि निवेदकाची दृष्टी तिथेच संपते. माणसे पुढे कोठे गेली, हा प्रश्न त्या रूपबंधाबाहेरचा. उलटपक्षी नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतला कामगार गिरणीच्या फाटकाशी आपल्याला भेटतो. तो कोणत्या वाटेने तिथवर आला, मागे काय ठेवून आला, याची चौकशी समीक्षा करत नाही, कारण तो ‘महानगरी’ किंवा ‘कामगार’ जाणिवेचा प्रतिनिधी म्हणून आधीच नोंदला गेलेला असतो. सुर्व्यांनीच ‘डोंगरी शेत माझं गं’ या गीतात डोंगरउतारावर राबणाऱ्या बाईचा आवाज घेतला. ते गीत मोर्चांत आणि शिबिरांत गायले गेले. समीक्षेने ते ‘चळवळीचे गाणे’ म्हणून बाजूला ठेवले. त्या शेतातून गिरणीपर्यंत जाणारी वाट कोणी चालून पाहिली नाही.

लॅटिनो साहित्याचे वाचन येथे उपयोगी पडते ते अनुकरणासाठी नव्हे, तर पद्धतीचा धडा म्हणून. तोमास रिवेरा यांच्या १९७१ मधील पुस्तकात टेक्सासहून उत्तरेकडे शेतमजुरीला जाणाऱ्या मेक्सिकनवंशीय कुटुंबांचे जग आहे. त्यातील ‘आपण पोचू तेव्हा’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या कथेत मजुरांनी भरलेला ट्रक रात्री वाटेत बंद पडतो, आणि अंधारात उभ्या असलेल्या माणसांच्या मनातले विचार एकामागून एक ऐकू येतात. कथेचे स्थळ गाव नाही आणि शहरही नाही. मधली वाट हेच तिचे स्थळ आहे. मराठी कथेने आणि कवितेने वाटून घेताना जी जागा कोणाच्याच वाट्याला दिली नाही, तीच ही जागा. पेद्रो पिएत्री यांची ‘प्वेर्तो रिकन मृत्युलेख’ ही १९७३ मध्ये ग्रंथरूपात आलेली दीर्घ कविता पाच सामान्य माणसांची नावे घेते. ती राबत राहिली, वाट पाहत राहिली आणि मेली, एवढाच तिचा वृत्तान्त. ही कविता कथेचे काम करते. रेने मार्केस यांच्या १९५० च्या दशकातील ‘बैलगाडी’ या नाटकात डोंगरातले कुटुंब राजधानीत आणि तिथून न्यू यॉर्कला जाते, आणि अखेरीस मातीकडे परतण्याचा निर्धार करते. तातो लाविएरा यांनी १९७९ च्या आपल्या कवितासंग्रहाच्या शीर्षकातच त्या गाडीला माघारी वळवले आणि परतीच्या त्या स्वप्नाला न्यू यॉर्कच्या रस्त्यावरून प्रत्युत्तर दिले. नाटकाने विचारले, कवितेने उत्तर दिले. वाङ्मयप्रकारांमधला हा संवाद तिथल्या समीक्षेला ऐकू आला, कारण तिने नाटक एका कपाटात आणि कविता दुसऱ्या कपाटात बंद केली नव्हती.

असा संवाद मराठीत एकाच लेखकाच्या दोन कृतींत उपलब्ध आहे. अण्णाभाऊ साठे हे वाळवे तालुक्यातील वाटेगावचे. जन्म १९२० चा. कोवळ्या वयात कुटुंबासह ते पायी मुंबईला आले. मधली वाट त्यांनी अक्षरशः तुडवली होती. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आणि ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड शेजारीशेजारी ठेवून वाचली पाहिजे. कथेतला भीमा वारणाकाठचा. बायको आणि लेक यांना घेऊन तो मुंबईच्या उपनगरात येतो, दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. मग राखेत सापडलेल्या अंगठीने त्याला वाट दिसते आणि तो मढी उकरू लागतो, प्रेतांच्या अंगावरचे सोने काढू लागतो. अखेर त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. ती गमावून तो घरी पडतो, तेव्हा खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. छक्कडीतला पुरुष मात्र एकटा आला आहे. बायको गावी आहे. निघताना त्याने तिला दागिन्यांनी मढवण्याची वचने दिली आहेत, आणि मुंबईच्या गर्दीत ती वचने त्याच्या जिवाला जाळत आहेत.

दोन्ही कृतींत सोने आहे. एकीकडे गावी राहिलेल्या बाईला कबूल केलेले सोने. दुसरीकडे शहराने प्रत्यक्षात देऊ केलेले सोने, जे मेलेल्यांच्या तोंडातून काढावे लागते. वचन आणि त्याची किंमत यांचे असे समोरासमोर ठेवलेले चित्र स्थलांतराच्या साहित्यात विरळाच सापडेल. रूपबंधाच्या अंगानेही हा फरक अर्थपूर्ण आहे. कथेचा काळ सरळ रेषेत धावतो : खाण बंद होण्यापासून ती सुरू होण्यापर्यंत. त्या दोन टोकांमध्ये माणसाचे शरीर खर्ची पडते, आणि जे हात खाणीत चालले असते तेच निकामी होतात. कथा विचारते, शहर आलेल्या माणसाचे काय करते? छक्कडीचा काळ वर्तुळाकार आहे. तिचे ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर गावी परतते, जे गाणाऱ्या माणसाला शक्य नाही. ती विचारते, आलेला माणूस मागे ठेवलेल्याचे काय करतो? कथेत परतीचा विचारच नाही, छक्कडीत परतीखेरीज दुसरा विचार नाही. या दोन विधानांची बेरीज केली तरच सातारा-सांगलीहून गेलेल्या माणसाचा संपूर्ण अनुभव हाती येतो.

मराठी समीक्षेने काय केले? कथा दलित साहित्यात घातली आणि छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात. छक्कडीच्या उत्तरार्धात बेळगाव-कारवारसह महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाचे दुःख येते आणि गावी राहिलेली मैना त्या मुलखाचे रूप धारण करते, हे खरे. परंतु ते रूपक जमते कशामुळे? हजारो गिरणी कामगारांना आणि हमालांना आपली माणसे मागे ठेवण्याचा अनुभव आधीपासून होता म्हणूनच तुटलेल्या मुलखाचे दुःख त्यांना कळले. राजकीय अर्थ स्थलांतरिताच्या अनुभवावर उभा आहे. समीक्षेने इमारत नोंदवली आणि पाया सोडून दिला. शाहिरी वाङ्मय हे ‘प्रचाराचे’ म्हणून कवितेच्या इतिहासात दुय्यम लेखण्याची जी सवय आहे, तिचाही वाटा यात मोठा आहे.

दुसरा आक्षेप देशीवादाच्या बाजूने येईल. १९८० नंतरच्या मराठी समीक्षेवर देशीवादाचा प्रभाव मोठा आहे, आणि परभृत निकषांविरुद्ध त्याने केलेले कार्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु साहित्याचे मूल्य भूमीत रुजलेपणावर तोलले की भूमी सुटलेला माणूस तराजूत बसत नाही. ग्रामीण साहित्याच्या विचारातही मातीशी असलेले नाते हा प्रधान निकष राहिला. मुंबईहून जत्रेला आलेला माणूस ग्रामीण कथेत बहुधा पोशाखाने आणि भाषेने बिघडलेला, हसण्याचा विषय म्हणून येतो, तो यामुळेच. ज्याच्या मनिऑर्डरीवर गावातली चूल पेटत होती, तो गावाच्या साहित्यात उपरा ठरला. माती ज्याला पोसू शकली नाही त्याच्याकडून मातीशी इमान मागणारा निकष वाङ्मयीन नाही, आणि न्याय्यही नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लॅटिनोंच्या साहित्यात वंश आणि भाषा या निर्णायक गोष्टी आहेत. मराठी स्थलांतरिताच्या अनुभवात जात निर्णायक आहे. तेव्हा तुलनेने जातीचा प्रश्न झाकला जाईल. हा धोका खरा आहे. एकाच खोऱ्यातून निघालेले मराठा आणि मातंग मुंबईत एकाच खोलीत उतरत नव्हते. गाववाल्यांची खोली ही बहुतेक वेळा जातवाल्यांची खोली होती. एकाला जे शहर मजुरीचे ठिकाण होते ते दुसऱ्याला, निदान आशेपुरते, सुटकेचे ठिकाण होते. म्हणूनच ‘गावाची ओढ’ ही सर्व स्थलांतरितांची समान भावना मानणे चुकीचे ठरेल. पण हा भेद दिसतो तो तुलना केल्याने, टाळल्याने नव्हे. खरात आणि माडगूळकर वेगळ्या कपाटांत राहिले तर गाव सोडण्याचे दुःख आणि गाव सुटल्याचा दिलासा यांतला फरक कोणाला दिसणार?

या साऱ्या चर्चेत आणखी एक आवाज वगळला गेला आहे : मागे राहिलेल्या बाईचा. छक्कडीतली मैना पुरुषाच्या तोंडून वर्णिली जाते. ती स्वतः बोलत नाही. ती बोलते जात्यावर. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह संकलित केलेल्या ओव्यांची संख्या लाखाहून अधिक आहे. हा संग्रह लोकसाहित्य, समाजशास्त्र, स्त्री-अभ्यास अशा अनेक विद्याशाखांनी हाताळला. काव्यसमीक्षेने त्याला कविता म्हणून हात लावण्याचे टाळले. लॅटिनो अभ्यासात ग्लोरिया अँझाल्दुआ यांनी १९८७ मध्ये सीमाप्रदेशावरील आपल्या ग्रंथात गद्य, पद्य, लोकपरंपरा आणि आत्मकथन एकत्र आणले आणि समीक्षेने तो एकसंध ग्रंथ म्हणून स्वीकारला. मराठीत ओवी, छक्कड आणि कथा यांना एका प्रश्नाभोवती बसवण्यासाठी कोणत्याही परकीय सिद्धान्ताची आवश्यकता नाही. फक्त खात्यांच्या मधल्या रेषा पुसण्याची तयारी हवी.

हा प्रश्न केवळ जुन्या पुस्तकांच्या नव्या वाचनाचा असता तर त्यासाठी एवढा आग्रह धरण्याचे कारण नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचे जीवन उलथून टाकले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१०) मधील कथांनी गिरणगावात मागे राहिलेल्यांची पडझड मांडली. पण जे कामगार पाटण, जावळी, शिराळ्याकडे परतले, ज्यांना गावात मुंबईवाले म्हटले गेले आणि मुंबईत गाववाले, त्यांचा अनुभव कोणत्या खात्यावर मांडायचा? तो ग्रामीण नाही आणि महानगरीही नाही. समीक्षेला जो अनुभव ओळखता येत नाही, तो लिहिणाऱ्याला आपला विषय म्हणून दिसणेही कठीण होते. खानापूर-आटपाडीकडची सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यातली कुटुंबे भारतभर पांगली आहेत. जिथे भट्टी तिथल्या भाषेच्या शाळेत त्यांची मुले शिकतात, घरात माणदेशी बोलतात आणि जत्रेला गावी येतात. दोन भाषांमधले जगणे म्हणजे काय, हे शिकण्यासाठी मराठी अभ्यासकाला टेक्सासला जाण्याची गरज नाही. विट्याच्या बसस्थानकावर उतरले तरी पुरे. आणि ज्या कृष्णा-वारणेच्या काठाने पूर्वी माणसे बाहेर पाठवली, त्याच काठाच्या ऊसपट्ट्यात आज बीडकडच्या आणि जतसारख्या तालुक्यांतल्या तोडणी मजुरांच्या टोळ्या पालांत राहतात. वाटेगावहून पायी निघालेल्या मुलाचा प्रदेश आता दुसऱ्या कोणाची ‘मुंबई’ झाला आहे. फडातल्या कोयत्यावर उद्या कथा लिहिली जाईल, कविता लिहिली जाईल, काही लिहिली गेलीही आहे; तिची नोंद ग्रामीण म्हणून होणार की दलित म्हणून की स्त्रीवादी म्हणून, याचाच वाद घालण्यात समीक्षा पुन्हा वेळ दवडणार असेल, तर भीमाच्या कथेचे आणि मैनेच्या छक्कडीचे जे झाले तेच तिचेही होईल.

तेव्हा मागणी साधी आहे. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतून ग्रामीण, दलित, महानगरी ही खाती काढून टाकावीत असे कोणी म्हणत नाही; त्या संज्ञांमागे संघर्ष आहेत आणि त्यांचे श्रेय त्यांना आहे. परंतु त्यांच्या जोडीला स्थलांतराच्या अनुभवाचे एक खाते उघडावे, आणि त्यात पहिल्या पानावर ‘स्मशानातील सोनं’, ‘माझी मैना’, ‘जेव्हा मी जात चोरली होती’, ‘तराळ-अंतराळ’ आणि जात्यावरच्या ओव्या एकत्र नोंदवाव्यात. त्यानंतर रिवेरा आणि पिएत्री यांना शेजारी बसवावे. मग तुलना बरोबरीच्या नात्याने होईल, आणि मराठीत असे साहित्य नाही असे म्हणण्याचे धाडस करणाऱ्याला आधी ही यादी वाचावी लागेल.